गुणांचा हिशेब आणि धाग्याचा आधार : ‘स्पायडर-मॅन २’ (२००४) या व्हिडिओ गेमचे पुनर्मूल्यमापन

प्रस्तावना

चित्रपटाच्या प्रदर्शनाबरोबर बाजारात येणाऱ्या व्हिडिओ गेमकडे समीक्षेने सहसा गांभीर्याने पाहिलेले नाही. असा खेळ म्हणजे चित्रपटाच्या जाहिरातीचा एक भाग, घाईने तयार केलेला आणि चित्रपट पडद्यावरून उतरताच विसरला जाणारा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अनेक खेळांच्या बाबतीत ती खरीही आहे. ‘स्पायडर-मॅन २’ हा खेळ मात्र या समजुतीला अपवाद ठरला. सॅम रेमी यांनी दिग्दर्शित केलेल्या त्याच नावाच्या चित्रपटासोबत जून २००४ मध्ये तो अमेरिकेत विक्रीस आला. ट्रेयार्क या संस्थेने तो घडविला व अ‍ॅक्टिव्हिजन या कंपनीने तो प्रकाशित केला. अतिमानवी नायकांवरील खेळांची चर्चा निघाली की दोन दशकांनंतरही त्याचे नाव आदराने घेतले जाते.

हे स्मरण मात्र एकांगी आहे. लक्षात राहिले आहेत ते मॅनहॅटनच्या उंच इमारतींमधून घेतलेले झोके. खेळाचा उरलेला भाग, म्हणजे त्याची कथा, त्यातील परोपकाराची कामे व त्या कामांबद्दल मिळणारे गुण, एकतर विसरला गेला आहे किंवा झोक्यांच्या आनंदापोटी माफ केला गेला आहे. हे दोन भाग एकमेकांच्या विरोधात उभे आहेत आणि या विरोधातच खेळाचे खरे स्वरूप दडलेले आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. स्पायडर-मॅनच्या कथेचा गाभा जबाबदारी हा आहे. खेळाच्या गुणपद्धतीत हा गाभा हरवतो. पण झोक्याच्या रचनेत तो अनपेक्षितपणे पुन्हा सापडतो.

पूर्वपरंपरा

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी निर्माण केलेला स्पायडर-मॅन ‘अमेझिंग फँटसी’ या चित्रकथा-मासिकाच्या १५ व्या अंकात १९६२ साली प्रथम अवतरला. पीटर पार्कर या विद्यार्थ्याला कोळ्याच्या दंशातून विलक्षण सामर्थ्य लाभते. एका चोराला तो बेफिकिरीने निसटू देतो आणि तोच चोर पुढे त्याच्या काकांचा खून करतो. या अपराधभावातून नायकाची जबाबदारीची जाणीव जन्मास येते. सामर्थ्याचा वापर कसा करावा यापेक्षा तो न केल्यास काय घडते, हा या कथेचा मूळ प्रश्न आहे.

या नायकावरील आधीच्या खेळांपुढे एक तांत्रिक अडचण होती. संपूर्ण शहर उभे करण्याइतके बळ त्या काळच्या यंत्रांत नव्हते. नेव्हरसॉफ्टने घडविलेल्या २००० सालच्या ‘स्पायडर-मॅन’ या खेळात इमारतींच्या खालचा भाग दाट धुक्याने झाकलेला होता व त्या धुक्याला कथेत विषारी वायूचे कारण जोडलेले होते. ट्रेयार्कच्याच २००२ सालच्या खेळात शहर तुकड्यातुकड्यांनी भेटत असे आणि नायकाचे जाळे वर कोठेतरी, दृष्टीआड चिकटत असे. झोका घेताना वर इमारत आहे की मोकळे आकाश, याने काही फरक पडत नसे. झोका दिसायला झोका होता. परिणामाने ते उड्डाणच होते.

दरम्यान २००१ साली ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ या खेळाने खुल्या शहराची कल्पना लोकप्रिय केली होती. खेळाडूने ठरलेल्या वाटेने न जाता शहरात मनसोक्त हिंडावे, ही ती कल्पना. ‘स्पायडर-मॅन २’ने ती स्वीकारली आणि मॅनहॅटन बेट एकसंध रूपात खेळाडूपुढे ठेवले. या खेळाचे वेगळेपण मात्र शहराच्या विस्तारापेक्षा त्या शहराशी नायकाचे जडलेले नाते कसे आहे, यात शोधावे लागते.

धाग्याला लागणारा आधार

या खेळात जाळ्याचा प्रत्येक धागा खऱ्याखुऱ्या इमारतीला चिकटतो. जवळ इमारत नसेल तर झोका नाही. खेळाचे तांत्रिक दिग्दर्शक जेमी फ्रिस्ट्रॉम यांनी ही रचना विकसित केली. झोक्याच्या या प्रश्नाने त्यांचा पिच्छा पुढेही सोडला नाही. ट्रेयार्कमधून बाहेर पडल्यावर त्यांनी ‘एनर्जी हुक’ हा झोक्यांवरच आधारलेला स्वतंत्र खेळ हाती घेतला.

या एका निर्णयाचे परिणाम दूरगामी आहेत. धागा कोठे चिकटतो, त्याची लांबी किती, नायक कोणत्या वेगाने येत आहे आणि धागा कोणत्या क्षणी सोडला जातो, यांवर पुढील गती ठरते. झोक्याच्या तळाशी वेग सर्वाधिक असतो. वर जाताना तो घटतो. धागा लवकर सोडला तर नायक पुढे फेकला जातो, उशिरा सोडला तर उंची मिळते पण वेग जातो. लंबकाचे हे साधे गणित खेळाडूच्या बोटांत हळूहळू मुरते. प्रारंभी तो भिंतींवर आदळतो, रस्त्यावर येऊन पडतो. काही तासांनी त्याला शहर वाचता येऊ लागते.

‘शहर वाचणे’ हा शब्दप्रयोग येथे सहेतुक केला आहे. मॅनहॅटनच्या मोठ्या भागाची आखणी १८११ च्या नगररचना आराखड्यानुसार सरळ व काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची झाली. या लांब, सरळ रस्त्यांच्या दुतर्फा उंच इमारती असल्याने डाव्या व उजव्या बाजूंनी आळीपाळीने धागे टाकण्याची लय आपोआप जमते. सेंट्रल पार्कच्या मोकळ्या पट्ट्याजवळ उंच भिंतींचा आधार सरतो आणि ही लय मोडते. एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या टोकावरून उडी घ्यावी आणि जमीन अगदी जवळ येईपर्यंत धागा टाकू नये, हा या खेळातील अनेकांनी अनुभवलेला क्षण. फ्रेंच विचारवंत रॉजे काय्वा यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात खेळांचे चार वर्ग कल्पिले : स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवळ. पाळणा, चक्री, उंचावरून झेप यांतून मिळणारा तोल सुटण्याचा आनंद हा चौथ्या वर्गात येतो. ‘स्पायडर-मॅन २’ची खरी जागा याच वर्गात आहे. फरक एवढाच की येथे भोवळ पत्करणे आणि तीतून सावरणे ही दोन्ही कामे खेळाडूकडेच सोपविलेली आहेत.

काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला यात एक परिचित तत्त्व आढळेल. वृत्ताचे बंधन कवीची अभिव्यक्ती अडवत नाही; तिला आकार देते. आकाशाला चिकटणारा धागा खेळाडूला कोठेही जाऊ देत होता, म्हणून कोठे जावे याला अर्थ उरत नव्हता. इमारतीला चिकटणाऱ्या धाग्याने निवड मर्यादित केली आणि प्रत्येक निवडीला परिणाम जोडला. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य क्षेमेंद्र यांनी औचित्याला काव्याचे जीवित मानले. जे ज्याला अनुरूप तेच शोभते, हा त्या विचाराचा सारांश. त्या निकषावर पाहता धाग्याला आधार हवा हा नियम या नायकाला पूर्णपणे अनुरूप आहे. सुपरमॅन उडतो, त्याला शहराची गरज नाही. स्पायडर-मॅनला आहे. ज्या शहराचे रक्षण तो करतो त्याच शहराने त्याला तोलून धरलेले असते.

चित्रपटातील किंमत, खेळातील कमाई

खेळाची दुसरी बाजू तपासताना चित्रपटाशी तुलना अपरिहार्य ठरते. २००४ च्या चित्रपटात परोपकाराची किंमत मोजावी लागते. लोकांना वाचवताना पीटरला उशीर होतो आणि त्याची पिझ्झा पोहोचविण्याची नोकरी जाते. महाविद्यालयात प्राध्यापक त्याला समज देतात. घरभाडे थकते. मेरी जेनच्या नाटकाला तो वेळेवर पोहोचू शकत नाही आणि दारावरचा कर्मचारी त्याला आत सोडत नाही. अखेरीस त्याचे सामर्थ्यच त्याला सोडून जाऊ लागते. प्रत्येक सत्कृत्यामागे काहीतरी गमावले जाते, या सूत्रावर चित्रपटाची उभारणी झाली आहे.

खेळात हे सूत्र उलटे होते. रस्त्यावरची लूट थांबविली, जखमी माणसाला रुग्णालयात पोहोचविले, इमारतीला लटकलेल्या कामगाराला उतरविले, रडणाऱ्या मुलाचा हातून सुटलेला फुगा आणून दिला, की नायकाच्या खाती ‘हीरो पॉइंट’ म्हणजे पराक्रमाचे गुण जमा होतात. हे गुण दुकानात देऊन नव्या क्लृप्त्या आणि झोक्याचा अधिक वेग विकत घेता येतो. कथेचे पुढील प्रकरण उघडण्यासाठी ठरावीक गुण मिळविण्याची अटही अनेकदा असते. चित्रपटात जे नुकसान होते ते खेळात उत्पन्न ठरते.

मराठीत ‘गुण’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो : सद्गुण आणि परीक्षेतील गुण. पहिला माणसाच्या ठायी असतो, दुसरा कागदावर मांडता येतो. एकाच्या जागी दुसरा बसवला की काय होते, याचा अनुभव शिक्षणक्षेत्राला नवा नाही. या खेळातही तेच घडते. पहिला फुगा आणून देताना गंमत वाटते, मुलाचे हसू दिसते. दहाव्या वेळी फुगा दिसत नाही, फक्त गुण दिसतात. मदतीसाठी हाक मारणाऱ्या नागरिकांची वाक्ये ठरावीक आहेत, प्रसंग ठरावीक आहेत, आणि थोड्याच काळात खेळाडू त्यांना माणसे न समजता संधी समजू लागतो. इयन बोगोस्ट यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की व्हिडिओ गेम आपला युक्तिवाद संवादांपेक्षा नियमांमधून करतो. त्या दृष्टीने पाहिल्यास या खेळाचे संवाद जबाबदारीविषयी बोलतात, पण त्याचे नियम व्यवहार शिकवतात.

मेरी जेनला ठरलेल्या वेळी गाठण्याच्या कामगिऱ्यांतही हाच दोष आहे. चित्रपटातील उशीर भरून निघत नाही. खेळातील उशीर पुन्हा प्रयत्न केला की पुसला जातो. येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. चित्रपटात नाट्यगृहाच्या दारात पीटरला अडवणारा कर्मचारी ब्रूस कॅम्पबेल या अभिनेत्याने साकारला आहे, आणि खेळात खेळाडूला सूचना देणारा, त्याची टर उडवणारा निवेदकही तोच आहे. एकाच कलावंताचा आवाज चित्रपटात दार बंद करतो आणि खेळात ते पुन:पुन्हा उघडतो. दोन माध्यमांतील फरक याहून नेमका क्वचितच दाखवता येईल.

खेळ आपल्या या हिशेबी वृत्तीविषयी पूर्णतः अजाण आहे, असेही म्हणता येत नाही. मायावी दृश्ये उभी करणारा मिस्टेरिओ हा खलनायक शेवटी एका किरकोळ दुकानात दरोडा घालताना सापडतो. त्याच्या शक्तीची पट्टी पडद्यावर एकदा, दोनदा, तीनदा भरते आणि दीर्घ झुंजीची तयारी करणाऱ्या खेळाडूच्या एकाच ठोशात तो कोसळतो. आकड्यांवर किती विश्वास ठेवावा, याची ही मार्मिक थट्टा आहे. परंतु ती थट्टा एका प्रसंगापुरती राहते. गुणांची मूळ व्यवस्था तिने बदलत नाही.

पिझ्झाची पेटी

या दोन बाजू एकत्र आणणारा भाग खेळात आहे, आणि तो सर्वांत क्षुल्लक समजला जातो. नायकाला ठरावीक वेळात पिझ्झा पोहोचवायचा असतो. उत्साहाचे इटालियन संगीत वाजू लागते आणि हा भाग विनोदी विरंगुळा वाटतो. तथापि त्याच्या नियमांकडे लक्ष दिले पाहिजे. हवेत कोलांट्या घेतल्या किंवा प्रवास धसमुसळा झाला तर पिझ्झा खराब होतो. म्हणजे ज्या कौशल्याचा खेळाडूला अभिमान वाटू लागलेला असतो, तेच आवरते घ्यावे लागते. वेगाने जायचे आहे, पण दुसऱ्याच्या वस्तूला धक्का लावायचा नाही.

जबाबदारीचा याहून चांगला धडा संपूर्ण खेळात नाही. सामर्थ्य असूनही ते दुसऱ्यासाठी मर्यादेत ठेवणे, ही स्पायडर-मॅनच्या कथेची मूळ शिकवण येथे एकाही उपदेशाशिवाय बोटांपर्यंत पोहोचते. फुग्याच्या प्रसंगात गुण मिळतात म्हणून मदत केली जाते. पिझ्झाच्या प्रसंगात प्रत्येक झोक्याची निवडच बदलते. गुण येथेही मिळतात, परंतु खेळाडूचे लक्ष धाग्यावर असते, खात्यावर नसते. संस्कृतात ‘गुण’ या शब्दाचा आणखी एक अर्थ दोरी किंवा धागा असा आहे. या खेळापुरते बोलायचे तर सद्गुणाचे नाते परीक्षेतील गुणांपेक्षा या तिसऱ्या गुणाशी अधिक जवळचे आहे.

पाठभेदाचा प्रश्न

जुन्या ग्रंथाचा विचार करताना कोणती प्रत पाहिली हे सांगावे लागते. या खेळाच्या बाबतीतही ते आवश्यक आहे. वरील विवेचन प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूब या यंत्रांसाठी ट्रेयार्कने केलेल्या आवृत्तीविषयी आहे. वैयक्तिक संगणकासाठी त्याच नावाने निघालेली आवृत्ती द फिझ फॅक्टर या वेगळ्या संस्थेने केली होती. तिच्यात झोक्याची रचना सोपी व मर्यादित करण्यात आली होती, आणि ट्रेयार्कच्या आवृत्तीचा गाभाच तीत नव्हता. त्या काळी भारतात महागड्या खेळयंत्रांपेक्षा संगणकावर खेळणाऱ्यांचा वर्ग मोठा होता. ज्यांनी संगणकावरची आवृत्ती पाहिली, त्यांनी नावाने तोच पण स्वरूपाने वेगळा खेळ खेळला. त्यांना या खेळाची ख्याती अनाकलनीय वाटली असेल तर तो त्यांचा दोष मानता येणार नाही.

नायकाचे शहर बदलले की काय बदलते, हा प्रश्न त्याच वर्षी चित्रकथेतही उपस्थित झाला. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ या मालिकेत पवित्र प्रभाकर हा नायक मुंबईत वावरतो. २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात त्याच पात्रासाठी मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून ‘मुंबॅटन’ हे शहर कल्पिले गेले. हा नायक आणि त्याचे शहर वेगळे काढता येत नाहीत, याची ही साक्ष आहे. ट्रेयार्कच्या खेळाने तीच गोष्ट भौतिकीच्या नियमांतून सांगितली होती.

उत्तरकालीन खेळ आणि जतनाची समस्या

इन्सोम्नियाकने घडविलेला २०१८ चा ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ हा खेळ चित्रण, कथन आणि पात्ररेखन या सर्व अंगांनी अधिक परिपक्व आहे, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. त्यातही धागे इमारतींना चिकटतात. मात्र तेथे यंत्र खेळाडूला सतत सावरून घेते. कितीही उंचावरून पडले तरी इजा होत नाही. परिणामी झोका नेहमीच सुंदर दिसतो, परंतु तो सुंदर होण्याचे श्रेय खेळाडूला पूर्णपणे घेता येत नाही. २०२३ च्या ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन २’ मध्ये झोक्याला मिळणारी यंत्राची मदत कमी करण्याचा आणि पडल्यावर इजा होण्याचा पर्याय देण्यात आला. चुकण्याची मुभा काढून घेतली की कौशल्याचा आनंदही उणावतो, हे तत्त्व येथे वेगळ्या मार्गाने मान्य झालेले दिसते.

अशी तुलना करण्यासाठी जुना खेळ उपलब्ध असावा लागतो. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ अधिकृत बाजारात मिळत नाहीत. चित्रपटांवर आधारलेल्या खेळांची अडचण अधिक गुंतागुंतीची असते. पात्रांचे हक्क एकाकडे, चित्रपटाचे दुसऱ्याकडे, खेळाच्या प्रकाशनाचे तिसऱ्याकडे. करार संपले की पुनर्मुद्रणाचा मार्ग खुंटतो. ‘स्पायडर-मॅन २’ अनुभवण्यासाठी आजही जुन्या यंत्राचा आणि जुन्या तबकडीचा शोध घ्यावा लागतो. या खेळाविषयीचे स्मरण एकांगी झाले, त्याचे एक कारण येथे आहे. जे पुन्हा खेळता येत नाही त्याची आख्यायिका होते, आणि आख्यायिका दोष टिकवून ठेवत नाही.

समारोप

‘स्पायडर-मॅन २’ हा निर्दोष खेळ नाही. त्याची परोपकाराची कामे पुनरावृत्तीने थकवतात. त्याची मारामारी लवकर एकसुरी होते. त्याची गुणपद्धती नायकाच्या मूळ कथेला छेद देते. या उणिवा केवळ जुन्या तंत्राच्या मर्यादा नव्हत. सत्कृत्यांची बेरीज मांडण्याची सवय नव्या खेळांतही कायम आहे, किंबहुना ती अधिक पसरली आहे. म्हणून त्या उणिवांकडे काळाचा दोष म्हणून काणाडोळा करणे योग्य ठरणार नाही.

तरीही या खेळाने एक गोष्ट अशी साधली जी त्याच्या आधाराला असलेल्या चित्रपटालाही शक्य नव्हती. चित्रपटाने प्रेक्षकाला जबाबदारीची किंमत दाखवली. खेळाने खेळाडूच्या हाती एक धागा दिला आणि तो कोठे बांधायचा हे त्याच्यावर सोपवले. आधार नसेल तर झेप नाही, आणि झेप चुकली तर दोष दुसऱ्या कोणाचा नाही, एवढाच त्याचा नियम. गुणांचे खाते बंद झाल्यावरही, कथा संपल्यावरही खेळाडू शहरात विनाकारण झोके घेत राहतात, ही या खेळाविषयी वारंवार सांगितली जाणारी गोष्ट आहे. ज्या कृतीबद्दल काहीही मिळत नाही आणि तरी जी करावीशी वाटते, तीच या खेळाची सर्वांत अस्सल कृती होय. खेळांच्या समीक्षेने कथा आणि गुणफलक यांच्या पलीकडे जाऊन अशा कृतींचा विचार केला, तर या माध्यमाच्या मूल्यमापनाला अधिक भक्कम आधार लाभेल.